बागेतील उमेदवारी

(झाड लावायला काही मिनिटे पुरतात, ते जगवायला दोन-तीन वर्षे लागतात. झाडे जगवण्याचे हे काम शिकता येते आणि त्यावर पोटही भरता येते. नांदेड व लातूर या भागांतील विद्यार्थ्यांना हे काम कोठे आणि कसे शिकता येईल, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या भाषेतील किती तरी शब्द मराठीने आपलेसे केले आहेत. बाग, बगीचा, गुलाब, जमीन, हवा हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. ‘बागवान’ म्हणजे बाग राखणारा, हेही तुम्हांला ठाऊक आहे. नांदेड-लातूरच्या बाजारपेठेत फळांचा व्यापार करणारी बागवान कुटुंबे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या आडनावातच एक जुना व्यवसाय लपलेला आहे.

असाच आणखी एक शब्द आहे, ‘उमेदवार’. आज हा शब्द ऐकला की आपल्याला निवडणूक आठवते. पण उमेद म्हणजे आशा. एखाद्या जाणकाराच्या हाताखाली राहून, पुढे काम मिळेल या आशेने जो काम शिकतो, तो उमेदवार. त्याचे हे शिकणे म्हणजे उमेदवारी. सुतार, शिंपी, वकील यांची उमेदवारी आपल्याला माहीत असते. पण बागेतही उमेदवारी करता येते, हे पुष्कळांना माहीत नसते.

झाडे कमी का आहेत?

आपल्या देशाचे वनधोरण असे सांगते, की एकूण जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश भागावर झाडी असावी. १९५२ च्या धोरणातही हे होते आणि १९८८ च्या धोरणातही आहे. आता आपल्या भागाकडे पाहा. नांदेड जिल्ह्यात किनवट, माहूर या बाजूला सागाचे चांगले जंगल आहे. पैनगंगा अभयारण्याचा काही भागही याच जिल्ह्यात येतो. पण लातूर जिल्ह्यात जंगलाखालची जमीन शेकडा एक इतकीही नाही. तेथे जी झाडे दिसतात, ती बहुतेक शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात आणि शहरातील बागांत.

२०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले होते. शहराला प्यायला पाणी नव्हते. तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. माणसांनाच पाणी पुरत नव्हते, तेथे झाडांना कोण घालणार? अशा वर्षी कोवळी रोपे सर्वांत आधी वाळतात.

झाडे लावली की लगेच जास्त पाऊस पडतो, असे मात्र समजू नका. झाडांचे काम वेगळे आहे. ती पडलेल्या पावसाला वाहून जाऊ देत नाहीत. त्यांची मुळे माती धरून ठेवतात, पाणी जमिनीत मुरू देतात. त्यांच्या सावलीने जमीन कमी तापते. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात ही मदत लहान नाही.

लावलेली झाडे कोठे जातात?

आपल्याकडे वृक्षारोपणाचा उत्साह कमी नाही. १९५० साली देशात वनमहोत्सव सुरू झाला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प केले. दर जुलैमध्ये शाळाशाळांत खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, फोटो काढले जातात. पण पुढच्या मे महिन्यात त्या खड्ड्यांकडे कोणी पाहतो का?

रोपे मरण्याची कारणे साधी असतात. काही वेळा रोप प्लॅस्टिकच्या पिशवीसह पुरले जाते. मग मुळांना वाट मिळत नाही. कुंपण नसले की शेळी एका घासात शेंडा खाते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांमुळे कोवळी मुळे तुटतात. तण वाढले की रोपाच्या वाट्याचे पाणी तणच पिऊन टाकते. आणि पाऊस थांबल्यावर पुढचे सात-आठ महिने पाणी घालणारा माणूसच नसतो.

केनिया देशातील वांगारी मथाई या विदुषींनी ही अडचण ओळखली होती. १९७७ साली त्यांनी हरितपट्टा चळवळ सुरू केली. या चळवळीत खेड्यातील स्त्रिया रोपे तयार करून लावत. त्यांना थोडा मोबदलाही मिळे. पण तो नुसत्या लावलेल्या रोपासाठी नव्हता, तर जगलेल्या रोपासाठी होता. पुढे २००४ साली वांगारी मथाई यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या या साध्या नियमातून आपण एक गोष्ट शिकू शकतो. झाडे मोजायची तर ती लावण्याच्या दिवशी नव्हे, काही महिन्यांनी मोजावीत.

उमेदवार काय शिकतो?

बागेचे काम म्हणजे केवळ झारीने पाणी घालणे नव्हे. ते वर्षभराचे शास्त्र आहे. रोपवाटिकेत, म्हणजे नर्सरीत, त्याची सुरुवात होते.

प्रत्येक बियाण्याचा स्वभाव वेगळा असतो. कडुनिंबाच्या निंबोळ्या जून-जुलैच्या सुमारास पिकतात. त्यांचे बी फार दिवस टिकत नाही. गर काढून, धुऊन, सावलीत सुकवून ते दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरावे लागते. चिंचोके रात्रभर पाण्यात भिजवतात. बाभळीच्या बीचे कवच फार कठीण असते, म्हणून ते आधी गरम पाण्यात टाकतात. पिशवीत भरायला माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण करतात. माती काळी व चिकट असेल, तर वाळू थोडी जास्त घालतात. म्हणजे पाणी साचत नाही.

मग येते कलम बांधण्याचे काम. उर्दूत कलम म्हणजे लेखणी. उर्दूत आणि मराठीत झाडाचेही कलम असते. ज्या झाडाची मुळे दणकट, त्यावर गोड फळे देणाऱ्या झाडाची काडी किंवा डोळा बसवायचा. गावठी बोरीवर उमराण जातीचा डोळा भरतात. आंब्याचे कोय कलम करतात. डाळिंबाचे गुटी कलम करतात. या कामाला धारदार चाकू, स्वच्छ हात आणि शांत मन लागते. पहिल्या वर्षी शिकाऊ मुलाची बरीच कलमे वाळतात. हात बसला की कलमे जगू लागतात. चांगले कलम बांधणाऱ्या माणसाला हंगामात रोपवाटिकावाले शोधत येतात.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे खणतात. ते काही दिवस उन्हात तापू देतात. त्यामुळे मातीतील पुष्कळसे किडे आणि रोगजंतू मरतात. चांगला पाऊस झाल्यावर, जमीन ओली असताना रोप लावतात. पिशवी ब्लेडने अलगद कापून काढायची, पण मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. रोपाला काठीचा आधार द्यायचा आणि भोवती काटेरी कुंपण करायचे.

पाऊस संपला की खरी परीक्षा सुरू होते. खुरप्याने तण काढायचे. आळे नीट करायचे. आळ्यात पालापाचोळा किंवा उसाचे पाचट अंथरायचे. या आच्छादनामुळे ओल टिकते आणि जमीन भेगाळत नाही. पाणी थोडे असेल, तर मडक्याचा उपाय आहे. मडक्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात घालतात. ते मडके रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरतात आणि भरून ठेवतात. पाणी थेंब थेंब झिरपत राहते. तोंडावर झाकण ठेवले, की पाणी उडून जात नाही आणि डासही होत नाहीत.

कोठे कोणते झाड लावावे, हेही शिकावे लागते. विजेच्या तारेखाली वड लावून चालत नाही. काही वर्षांनी तो तोडावाच लागतो. गुलमोहर सुंदर दिसतो, पण तो मूळचा मादागास्करचा. त्याची फांदी वादळात लवकर मोडते. कडुनिंब, चिंच, करंज, बोर, सीताफळ ही झाडे आपल्या उन्हाला सरावलेली आहेत.

आणि शेवटचे काम वहीचे. रोप कधी लावले, कोणत्या जातीचे, किती उंच झाले, कधी वाळले आणि का वाळले, याची नोंद ठेवायची. ज्या बागेत नोंदवही नाही, त्या बागेत तीच चूक दरवर्षी होते.

शिकायचे कोठे?

पहिली जागा म्हणजे तुमची शाळा. २००१-०२ पासून देशभरातील शाळांत राष्ट्रीय हरित सेनेची मंडळे स्थापन होऊ लागली. आपल्या राज्यात सामाजिक वनीकरण विभागाने हे काम पाहिले. तुमच्या शाळेत असे मंडळ असेल तर त्यात जा. नसेल तर पाच-सात मित्र किंवा मैत्रिणी मिळून गुरुजींना विचारा. शाळेच्या आवारातील दहा झाडांची जबाबदारी घेण्यासाठी मोठी योजना लागत नाही.

महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजना भेटते. ती १९६९ साली सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करायचे असते. शिवाय खेड्यात सात दिवसांचे शिबिर असते. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले.

ज्यांना शिकताना थोडी कमाईही हवी, त्यांच्यासाठी ‘कमवा आणि शिका’ ही योजना अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत असते. या कल्पनेमागे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शेतात एकत्र राबत. घाम गाळून शिकण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी मुलांच्या मनावर बिंबवले. वडाचे झाड हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह आहे. आजही या योजनेतील मुले ग्रंथालयात, कार्यालयात आणि बागेत रोज काही तास काम करतात आणि त्याचा मोबदला मिळवतात.

शेतीचे शिक्षण घ्यायचे असेल, तर परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. ते १९७२ साली स्थापन झाले. लातूरचे कृषी महाविद्यालय याच विद्यापीठाचे. दहावीनंतर कृषी पदविका करता येते. बारावीनंतर कृषी किंवा उद्यानविद्या या विषयाची पदवी घेता येते. पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. त्या मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. ही त्यांची उमेदवारीच होय.

याच विद्यापीठाचे एक फळ संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे हिमायतबागेत आहे. हिमायतबाग ही मुघल काळातील बाग. ज्या जमिनीत शेकडो वर्षांपूर्वीच्या बागवानांनी झाडे वाढवली, तेथेच आजचे विद्यार्थी फळझाडांचा अभ्यास करतात. सहलीला गेलात, तर बीबी का मकबरा पाहून परत फिरू नका. ही बागही पाहा.

काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, बागकामाचे आणि फुलशेतीचे छोटे अभ्यासक्रम असतात. त्यांची चौकशी दहावीच्या निकालाआधीच करून ठेवावी.

पुढे काम कोणते मिळते?

शहरात महानगरपालिकेचा उद्यान विभाग असतो. नांदेडचे विसावा उद्यान किंवा लातूरचे नाना-नानी पार्क आपोआप हिरवे राहत नाही. तेथे माळी लागतात, त्यांच्यावर देखरेख करणारे लागतात, उद्यान अधीक्षक लागतात. महाराष्ट्रात १९७५ सालचा झाडे जतन करण्याचा कायदा आहे. त्याप्रमाणे शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि ठरावीक काळाने वृक्षगणना करावी लागते. २०२१ साली या कायद्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना विशेष संरक्षण मिळाले. झाड ओळखणे, जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजणे, नोंद करणे ही कामे जाणकार तरुणांनाच करता येतात.

वन विभागात वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल अशा पायऱ्या आहेत. वनरक्षकाच्या भरतीत मुलींनाही संधी आहे. या भरतीत धावण्याची चाचणी असते, लेखी परीक्षा असते आणि त्या परीक्षेत मराठीही असते. तुम्ही आज जे मराठी शिकत आहात, ते केवळ गुणांसाठी नाही. सरकारी अर्ज, खात्याचे आदेश, रोपवाटिकेतील पाट्या, गावकऱ्यांशी बोलणे हे सारे मराठीत चालते. ज्याला उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा येतात, तो दोन मोहल्ल्यांतील माणसांना एका झाडाखाली आणू शकतो.

नोकरी नसली तरी स्वतःची रोपवाटिका काढता येते. घरांच्या, रुग्णालयांच्या, कारखान्यांच्या बागा सांभाळण्याचे काम घेता येते. त्यासाठी भांडवलापेक्षा हातातील कसब आणि दिलेल्या वेळेला हजर राहण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

एक सावधगिरी

उमेदवारी आणि फुकटची राबवणूक यांत फरक आहे. तो ओळखायला शिका. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे कायद्याने बंद आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. विषारी औषधांची फवारणी, उंच झाडाच्या फांद्या तोडणे, विजेची मोटर दुरुस्त करणे ही कामे तुमची नाहीत. कोणी करायला सांगितले, तर नम्रपणे पण स्पष्टपणे नाही म्हणा.

१९६१ सालच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे रीतसर उमेदवार ठेवला, तर त्याच्याशी लेखी करार करावा लागतो आणि त्याला विद्यावेतन द्यावे लागते. म्हणून कोठेही शिकायला जाताना तीन प्रश्न विचारा. मला काय शिकवणार? किती तास काम असेल? शेवटी प्रमाणपत्र किंवा मोबदला मिळेल का? असे विचारण्यात उद्धटपणा नाही. घरच्या मोठ्या माणसांना बरोबर नेले, तर अधिक चांगले.

आजपासून काय कराल?

मित्रांनो, उमेदवारीसाठी अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहू नका. घराजवळचे किंवा शाळेतील एक रोप निवडा. त्याचे नाव मराठीत आणि उर्दूत वहीत लिहा. दर पंधरा दिवसांनी त्याची उंची मोजा. दिवाळीनंतर आळ्यात पालापाचोळा घाला. उन्हाळ्याच्या सुटीत गावाला जाणार असाल, तर शेजारच्या मित्राकडे पाण्याचे काम सोपवून जा. सुटीत कोणी कोणत्या आठवड्यात पाणी घालायचे, याचे वेळापत्रक करा. पुष्कळ शाळांतील रोपे याच दोन महिन्यांत वाळतात.

तीन उन्हाळे काढले, की बहुतेक झाडे आपल्या पायांवर उभी राहतात. मग त्यांना तुमची फारशी गरज उरत नाही. तोपर्यंत तुम्हीही दहावी ओलांडलेली असेल. कोणी विचारले, “तुला बागकामाचा काही अनुभव आहे का?” तर तुमच्याजवळ दाखवायला एक वही असेल आणि सावली देऊ लागलेले एक झाड असेल.

शब्दार्थ

उमेदवारी – काम शिकण्याचा काळ
वाघीण – रेल्वेचा माल किंवा पाणी वाहणारा डबा
झारी – झाडांना पाणी घालण्याचे भांडे
आळे – झाडाभोवती पाण्यासाठी केलेला खळगा
आच्छादन – झाकण्यासाठी वर घातलेला थर
डोळा – फांदीवरील कोंब फुटण्याची जागा
कसब – हातातील कौशल्य
विद्यावेतन – शिकणाऱ्याला मिळणारी ठरावीक रक्कम

स्वाध्याय

१. रोपे मरण्याची चार कारणे पाठाच्या आधारे लिहा.
२. वांगारी मथाई यांच्या चळवळीत स्त्रियांना मोबदला कशासाठी मिळे? त्यातून आपण काय शिकतो?
३. मडक्याने पाणी देण्याची पद्धत तुमच्या शब्दांत सांगा.
४. ‘उमेदवारी आणि फुकटची राबवणूक यांत फरक आहे.’ हा फरक स्पष्ट करा.
५. पाठातील उर्दूत आणि मराठीत समान असलेले पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. उपक्रम : शाळेच्या आवारातील झाडांची गणना करा. प्रत्येक झाडाचे नाव, खोडाचा घेर आणि अंदाजे उंची यांचा तक्ता तयार करून वर्गात लावा.